पडद्यावरची भातुकली

भातुकलीच्या खेळात काडेपेटीचा पलंग होतो, बाटलीच्या झाकणाची परात होते आणि चिंध्यांच्या दोन बाहुल्यांचे लग्न थाटात लागते. वस्तू हाती आली की मूल आपोआप गोष्ट रचू लागते, हा सर्वांच्याच परिचयाचा अनुभव आहे. टॅबलेट आणि स्मार्टफोनच्या गुळगुळीत काचेने मात्र मुलाच्या हातातील वस्तू काढून घेतली आणि बोटाचे टोक तेवढे कामाचे ठेवले. ही उणीव भरून काढण्यासाठी खरेखुरे खेळणे थेट पडद्यावर ठेवून गोष्ट सांगण्याचे तंत्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने विकसित होत गेले. काचेवर लाकडी हत्ती ठेवताच त्याच्याभोवती जंगल उगवते, हत्तीजवळ ससा सरकवला की दोघांचे संभाषण सुरू होते. वरकरणी जादूसारख्या भासणाऱ्या या खेळामागील विज्ञान, त्याचा इतिहास आणि त्याच्या मर्यादा यांचा हा आढावा.

संगणकाला हात लावण्याची धडपड

मुलांनी वस्तू हाताळत शिकावे, हा विचार संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात ठोकळे आणि चेंडू यांवर आधारित बालशिक्षणाची पद्धत मांडली. इटलीत मारिया माँटेसरी यांनी तिला शास्त्रीय शिस्त दिली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे हाच विचार आदिवासी मुलांपर्यंत नेला आणि महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू बालवाडीत आणल्या.

संगणकाच्या क्षेत्रात ही जाणीव १९७०च्या दशकात उमटली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये रेडिया पर्लमन यांनी अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी एक यंत्रणा तयार केली. कळफलकावर आज्ञा टंकण्याऐवजी मुलांनी चित्रे असलेली प्लास्टिकची पत्ती खाचेत बसवायची आणि 'लोगो'चे यांत्रिक कासव चालवायचे, अशी ती कल्पना होती. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील डरेल बिशप यांनी गोट्यांच्या उत्तरयंत्राचा आराखडा मांडला. दूरध्वनीवर आलेला प्रत्येक निरोप म्हणजे एक गोटी. ती उचलून खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येणार!

या सुट्या प्रयत्नांना एकत्रित सिद्धान्ताचे रूप दिले ते एमआयटी मीडिया लॅबमधील हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'टँजिबल बिट्स' या शोधनिबंधाने संगणकातील अदृश्य माहितीला हाताने धरता येईल असे रूप देण्याची दिशा दाखवली. मूर्त संवादमाध्यम ही संशोधनाची स्वतंत्र शाखा त्यानंतर रुजली आणि तिचा एक मोठा प्रवाह मुलांच्या गोष्टींकडे वळला.

गोष्ट ऐकणारी गोधडी

किमिको र्‍योकाई आणि जस्टिन कॅसल यांनी एमआयटीमध्ये १९९९ च्या सुमारास केलेला 'स्टोरीमॅट' हा या प्रवाहातील एक देखणा प्रयोग. घरे, रस्ते, झाडे अशा कापडी आकृत्या शिवलेली एक गोधडी जमिनीवर अंथरलेली असे. मूल खेळण्यातला ससा तिच्यावरून फिरवीत गोष्ट सांगू लागले, की त्याचा आवाज आणि सशाचा मार्ग दोन्ही नोंदले जात. पुढे दुसरे एखादे मूल त्याच जागी पोहोचले, की आधीच्या मुलाची गोष्ट त्याला ऐकू येई आणि सशाची सावली गोधडीवर फिरताना दिसे. यंत्राने स्वतःची गोष्ट न सांगता एका मुलाची गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचवावी, हे या प्रयोगाचे मर्म होते.

याच गटाने पुढे 'सॅम' नावाचे आभासी मूल घडवले. पडद्यावर सॅम, पडद्यासमोर खेळण्यातला किल्ला आणि दोघांमध्ये वाटून घेतलेले एक पात्र, अशी रचना होती. मुलाने आपली गोष्ट संपवून ते पात्र किल्ल्याच्या मनोऱ्यात ठेवले, की ते पडद्यावर सॅमच्या हाती दिसे आणि गोष्ट सांगण्याची पाळी सॅमची येई. पात्राच्या पोटात बसवलेल्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या खुणेमुळे हे शक्य होत असे. सॅमबरोबर खेळलेल्या मुलांच्या गोष्टींत पात्रांचे संवाद तसेच स्थळ आणि काळ स्पष्ट करणारे शब्दप्रयोग वाढल्याचे संशोधकांनी २००३ मध्ये नोंदवले. समोरच्याने न पाहिलेला प्रसंग शब्दांतून उभा करणे ही लेखनवाचनाची पूर्वतयारीच असल्याने या निष्कर्षाला महत्त्व आले.

अली मझालेक यांच्या 'जिनीबॉटल्स'मध्ये काचेच्या बाटलीचे बूच काढताच आतला जिन बोलू लागे. त्यांच्याच २००२ मधील 'टँजिबल व्ह्यूपॉइंट्स'मध्ये एकच कथा वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून उलगडे. मेजावरील सोंगटी हे पात्र, आणि जी सोंगटी पुढे घ्यावी तिच्या बाजूने गोष्ट पुढे सरके. युरोपातही १९९८ ते २००१ या काळात स्टॉकहोम आणि नॉटिंगहॅम येथील शाळांतील मुलांना सोबत घेऊन 'किडस्टोरी' हा प्रकल्प राबवण्यात आला. मुलांनी एकट्याने नव्हे तर मिळून गोष्ट रचावी, हा त्याचा आग्रह होता.

मेजाखालचा डोळा

प्रयोगशाळेतील या खेळण्यांना मोठा पडदा मिळाला तो मेजाच्या रूपाने. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्दा आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'रिअ‍ॅक्टेबल' या वाद्यात अर्धपारदर्शक गोल मेजाखाली कॅमेरा आणि प्रोजेक्टर असे. वर ठेवलेल्या प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी विशिष्ट नक्षी छापलेली असे. कॅमेरा ती नक्षी वाचून ठोकळा कोणता, तो कोठे आहे आणि किती वळला आहे हे संगणकाला कळवीत असे. गायिका ब्यॉर्क हिने २००७ च्या दौऱ्यात हे वाद्य वापरले आणि ते जगभर माहीत झाले. नक्षी ओळखणारी त्याची 'रिअ‍ॅक्टिव्हिजन' ही आज्ञावली सर्वांसाठी मुक्त ठेवण्यात आल्याने अनेक विद्यापीठांत स्वस्तातली मेजे तयार झाली.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'सरफेस' या नावाने असेच मेज जाहीर केले. अवरक्त किरणांचे कॅमेरे आणि ३० इंची पडदा असलेल्या या मेजाची किंमत सुरुवातीला दहा हजार डॉलरच्या घरात होती. हॉटेले आणि दुकाने यांपलीकडे ते फारसे पोहोचले नाही. पुढे हे नाव कंपनीने आपल्या टॅबलेटला दिले आणि मेजाचे 'पिक्सेलसेन्स' असे नामांतर झाले. घराघरांत पोहोचला तो २०१० मध्ये आलेला आयपॅड. त्याच्या काचेखाली मात्र कॅमेरा नव्हता.

काचेला स्पर्श कसा कळतो?

टॅबलेटच्या काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड यांसारख्या पारदर्शक, विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय बारीक आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. आडव्या पट्टीत विद्युत संकेत सोडला की तो उभ्या पट्टीत काही प्रमाणात उमटतो. मानवी शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ येताच त्या संकेताचा थोडासा अंश बोटाकडे वळतो. कोणत्या छेदबिंदूवर संकेत क्षीण झाला, हे नियंत्रक चकती सेकंदाला अनेक वेळा तपासते आणि त्यावरून स्पर्शाची जागा ठरवते.

प्लास्टिकचा हत्ती काचेवर ठेवला तर काहीच घडत नाही, कारण प्लास्टिक विजेचे वाहक नाही. हत्तीच्या पायांना वाहक रबर लावले आणि ते पातळ तांब्याच्या पट्टीने हत्तीच्या पाठीपर्यंत जोडले, तर पाठ धरणाऱ्या मुलाच्या हातातून संकेताला वाट मिळते. काचेला मग हत्तीचा पाय हे बोटच वाटते. पायाचा आकारही बोटाच्या टोकाएवढा असावा लागतो. फार बारीक टोक नियंत्रक चकती दुर्लक्षित करते आणि दोन पाय फार जवळ असतील तर त्यांचा एकच स्पर्श मानते.

हत्ती आणि ससा यांतील फरक ओळखण्याची युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. प्रत्येक खेळण्याला तीन पाय द्यायचे आणि त्यांच्यातील अंतरे वेगवेगळी ठेवायची. समजा, हत्तीच्या पायांमधील अंतरे २०, ३० आणि ४० मिलिमीटर आहेत आणि सशाची २०, २५ आणि ३५. काचेवर एकाच वेळी तीन स्पर्श उमटले, की अ‍ॅप्लिकेशन त्या त्रिकोणाच्या बाजू मोजते, आपल्या यादीशी ताडून पाहते आणि पात्र ओळखते. तिन्ही बाजू असमान असल्याने खेळण्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही समजते. खेळण्यात बॅटरी लागत नाही, की कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग लागत नाही.

हात सुटला की पात्र गायब

ही युक्ती सोपी असली तरी तिच्या अडचणी गोष्टीच्या मुळावर येणाऱ्या आहेत. मुलाने हात काढून घेतला, की संकेताची वाट बंद होते आणि काचेच्या दृष्टीने हत्ती नाहीसा होतो. भातुकलीत बाहुली मांडून ठेवता येते. येथे ती सतत धरून ठेवावी लागते. या अडचणीवर तैवान, जपान, जर्मनी येथील संशोधकांनी विविध उपाय सुचवले. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये मांडलेल्या उपायात खेळण्याचे दोन पाय एकमेकांना वाहकाने जोडलेले असतात. एका पायाखालचा संकेत दुसऱ्या पायाखालच्या निष्क्रिय पट्टीकडे वाहून जातो आणि हाताशिवायही खेळणे दिसत राहते. त्यातही एक मेख आहे. बराच वेळ न हलणारा स्पर्श हा पाण्याचा थेंब किंवा डाग समजून काच तो हळूहळू विसरते. सोंगटी एका जागी उभी राहिली की ती पुसली जाण्याची शक्यता उरतेच.

दुसरी मर्यादा संख्येची. आयपॅडसारखा टॅबलेट एका वेळी साधारण दहा-अकरा स्पर्श नोंदवतो. तीन पायांची तीन खेळणी ठेवली की नऊ स्पर्श संपले. चौथ्या पात्राला जागा उरत नाही आणि शेजारी बसलेल्या भावंडाचे बोटही गोंधळ वाढवते. तिसरी अडचण मापाची. प्रत्येक टॅबलेटच्या पडद्यावरील ठिपक्यांची घनता वेगळी असते. एका टॅबलेटवर अचूक ओळखला जाणारा हत्ती दुसऱ्यावर ससा ठरू नये म्हणून उत्पादकांना चालणाऱ्या टॅबलेटची यादी द्यावी लागते.

बाजारात काय आले?

डिस्ने कंपनीने २०११ मध्ये 'कार्स २' या चित्रपटातील गाड्या 'अ‍ॅपमेट्स' नावाने आणल्या. आयपॅडवर गाडी ठेवून ती खिडक्यांपाशी चिमटीत धरायची, की पडद्यावरचा रस्ता तिच्याखालून सरकू लागे. हात सुटू न देण्याची अट खेळण्याच्या पकडीतच बेमालूम मिसळलेली होती. बंगळुरूच्या 'प्लेशिफू' या कंपनीचा 'टॅक्टो' हा खेळ याच जातकुळीतील. टॅबलेट चौकटीत बसवायचा आणि त्याच्या पडद्यावर सोंगट्या ठेवून खेळायचे, अशी त्याची योजना आहे.

गुगलमधील दोन माजी अभियंत्यांनी सुरू केलेल्या 'ऑस्मो'ने २०१४ मध्ये निराळा मार्ग धरला. आयपॅडच्या कॅमेऱ्यासमोर छोटा आरसा बसवला, की कॅमेऱ्याला पडद्याऐवजी समोरचे मेज दिसते. त्यामुळे मुलाने कागदावर काढलेले चित्रही गोष्टीत शिरू शकते. 'मॉन्स्टर' या त्यांच्या खेळात नारिंगी राक्षस मुलाला एखादी वस्तू काढून मागतो आणि तेच चित्र घेऊन पुढची गोष्ट सांगतो. पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठात क्रिस्टिना सिला आणि सहकाऱ्यांनी चित्रपत्ते व ठोकळे जोडून गोष्ट रचण्याची साधने वर्गातील मुले आणि शिक्षक यांच्या मदतीने घडवली. त्यांच्या 'मोबेबू' या संचात निरनिराळ्या देशांतील पात्रे आणि पार्श्वभूमी असून त्यांत भारतही आहे.

याउलट जर्मनीत २०१६ मध्ये आलेल्या 'टोनीबॉक्स'ने पडदाच काढून टाकला. गादीसारख्या मऊ पेटीवर पात्र ठेवले की त्याची गोष्ट ऐकू येते. मुलाला वस्तू हवी आहे, पडदा असलाच पाहिजे असे नाही, हे या पेटीच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

गोष्ट कोणाची?

या तंत्राचे खरे मोल ठरते ते बोलते कोण, या प्रश्नावर. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले होते, की पालकांनी पुस्तक नुसते वाचून न दाखवता 'आता काय होईल?', 'तो का पळाला?' असे मोकळे प्रश्न विचारले तर मुलांची भाषिक अभिव्यक्ती अल्पावधीत सुधारते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात बटणे दाबून बोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची साध्या पुस्तकांशी तुलना करण्यात आली. इलेक्ट्रॉनिक पुस्तक हाती असताना पालकांचे बोलणे गोष्टीपेक्षा 'हे दाब', 'ते दाबू नको' अशा सूचनांकडे झुकले आणि तीन वर्षांच्या मुलांना गोष्टही कमी समजली.

पडद्यावरच्या खेळण्यालाही हाच धोका संभवतो. हत्ती ठेवताच ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होत असेल, तर हत्ती म्हणजे एक महागडे बटण ठरतो आणि मूल पुन्हा श्रोता बनते. हत्ती ठेवल्यावर पडद्याने केवळ जंगल उभे केले, पाऊस पाडला आणि संवाद मुलावर सोपवला, तर गोष्ट मुलाची राहते. 'स्टोरीमॅट'पासूनच्या चांगल्या प्रयोगांत यंत्राने श्रोत्याची भूमिका घेतली होती. बाजारातील अनेक खेळण्यांना नेमका याचाच विसर पडलेला दिसतो. श्रोता झालेले यंत्र विकणे अवघड, बोलके यंत्र विकणे सोपे, हे त्यामागील व्यापारी कारण उघड आहे.

मुकी झालेली खेळणी

लाकडी घोडा तीन पिढ्यांना पुरतो. अ‍ॅप्लिकेशनवर अवलंबून असलेले खेळणे त्या अ‍ॅप्लिकेशनच्या आयुष्याएवढेच जगते. डिस्नेने 'इन्फिनिटी' ही पात्रांची मालिका २०१६ मध्ये गुंडाळली, तर 'लेगो डायमेन्शन्स' २०१७ मध्ये थांबली. २०१७ मध्येच आलेल्या आयओएस ११ या प्रणालीने ३२ बिटची जुनी अ‍ॅप्लिकेशने चालवणे बंद केले. त्यानंतर अद्ययावत न झालेल्या अ‍ॅप्लिकेशनांची खेळणी नव्या आयपॅडवर मुकी झाली.

'ऑस्मो'ची कहाणी भारतीय वाचकांना अधिक जवळची आहे. 'बायजूज'ने २०१९ मध्ये ही कंपनी सुमारे १२ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२४ मध्ये 'बायजूज' दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली आणि 'ऑस्मो'ची मूळ कंपनी 'टँजिबल प्ले' हिच्याविरुद्धही धनकोंनी अमेरिकेतील न्यायालयात धाव घेतली. ताळेबंदातील उलथापालथ अखेर मुलाच्या खेळण्याच्या कपाटापर्यंत कशी पोहोचू शकते, याचे हे बोलके उदाहरण. मुलाच्या दृष्टीने प्रश्न साधा असतो, काल बोलणारे पात्र आज का बोलत नाही?

घरच्या घरी प्रयोग

हे तंत्र अनुभवण्यासाठी महागड्या संचाची गरज नाही. बाटलीच्या बुचाला स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद गुळगुळीत गुंडाळावा, त्यावर वरच्या बाजूला बाहुलीचे डोके चिकटवावे आणि कागद बोटांना लागेल अशा रीतीने धरून ती काचेवर टेकवावी. काच तिला बोट समजेल. कागदाच्या टोकदार घड्या तळाशी येऊ देऊ नयेत, अन्यथा काचेवर चरे पडण्याची भीती असते.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये आलेले 'स्क्रॅच ज्युनियर' हे मोफत अ‍ॅप्लिकेशन यासाठी उपयोगी पडते. त्यात मुलांना स्वतः पात्रे रंगवता येतात, स्वतःचा आवाज मुद्रित करता येतो आणि पात्राला स्पर्श होताच तो आवाज सुरू व्हावा अशी आज्ञाही देता येते. आवाज मुलाचाच असल्याने गोष्ट मराठीत, मालवणीत किंवा अहिराणीतही होऊ शकते. बुचाची बाहुली पडद्यावरील कोल्ह्याला शिवली, की कोल्हा आजीच्या आवाजात बोलू लागेल. बाहुली कोणती हे काचेला कळणार नाही, पण मुलाला ते पक्के ठाऊक असते आणि गोष्टीला तेवढे पुरते.

पालकांनी काय पाहावे?

- जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बैठ्या स्थितीतील पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास असून त्याहून कमी वेळ अधिक चांगला. खेळणे हातात असले तरी पडदा हा पडदाच.
- तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे, लहान भाग देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.
- भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी.
- आपला टॅबलेट उत्पादकाच्या यादीत आहे का, अ‍ॅप्लिकेशन इंटरनेटशिवाय चालते का आणि त्यासाठी दरमहा शुल्क आहे का, हे आधी विचारावे.
- अ‍ॅप्लिकेशन बंद पडले तरी त्या खेळण्याशी खेळता येईल का, हा प्रश्न शेवटी नव्हे तर सर्वांत आधी विचारावा.

या शेवटच्या कसोटीला उतरणारे खेळणे घरात आले, तर पडदा विझल्यावरही हत्ती हत्तीच राहील. काडेपेटीच्या पलंगावर त्याला झोपवता येईल आणि उरलेली गोष्ट अंधारात, पांघरुणाखाली पुरी करता येईल.